डॅशबोर्डच्या कप्प्यामागे

पुण्यातल्या नाना पेठेत गाड्यांच्या पार्ट्सच्या आमच्या काउंटरवर एसी फिल्टर मागायला दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींच्या हातात सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटचा कागद असतो, काहींच्या हातात खुद्द जुना फिल्टर, वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला. कागदवाला विचारतो, “हे खरंच लागतं का हो?” फिल्टरवाला म्हणतो, “असाच एक द्या.” माल दोघांनाही एकाच रॅकमधून जातो. पण कागदवाल्याला वाटत असतं, आपल्याला कुणीतरी टोपी घालतंय, आणि ती शंका मनात ठेवूनच तो पैसे मोजतो. फिल्टरवाल्याने कप्पा उघडून आत काय आहे ते पाहिलेलं असतं. एवढ्याशा या पार्टात माणसाचे जास्तीचे पैसे जातात ते बहुतेक वेळा न पाहिल्यामुळे जातात, असं माझं मत झालं आहे.

पेठेत येण्याआधी मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स स्टोअरमध्ये होतो. स्टोअरला एक खिडकी. मेकॅनिक येऊन जॉब कार्डचा नंबर सांगणार, आपण पार्ट काढून द्यायचा, सही घ्यायची, कॉम्प्युटरवर इश्यू टाकायचा. गिऱ्हाईक तिथे कधी दिसत नाही, दिसतात ते आकडे. ऑइल फिल्टर महिनाभर सारखाच जायचा, कारण तो किलोमीटरच्या हिशेबाने बदलतात. एसी फिल्टरचं तसं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तो रेंगाळायचा आणि पंचवीस तारखेनंतर खिडकीवर एकदम मागणी वाढायची. पुण्यातली धूळ काही तारीख पाहून उडत नाही. तारीख पाहत होते ते सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, कारण महिनाअखेरीला त्यांचा ‘व्हीएएस’चा हिशेब व्हायचा. व्हीएएस म्हणजे व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस: एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर क्लीनिंग आणि त्या सगळ्यांच्या आगेमागे येणारा एसी फिल्टर.

अ‍ॅडव्हायझर पोरं वाईट नव्हती. सकाळी आठ वाजल्यापासून गिऱ्हाइकांचा आरडाओरडा ऐकायचा आणि संध्याकाळी मॅनेजरचा, अशी ती नोकरी. त्यांच्या हाताशी असलेल्या पार्टांत एसी फिल्टरइतका सोयीचा दुसरा नाही. ब्रेक पॅड झिजले तर आवाज येतो, टायर झिजला तर डोळ्यांना दिसतो. एसी फिल्टर गाडीच्या मालकाने आयुष्यात पाहिलेला नसतो. “मॅडम, लहान मुलं बसतात ना गाडीत?” एवढं एक वाक्य पुरतं. त्यावर नाही म्हणणारी आई मी ऐकलेली नाही.

त्या एस्टिमेटमध्ये काय काय असतं ते मला आता उलट बाजूने दिसतं. फिल्टरची किंमत, त्याखाली बसवण्याची लेबर अडीचशे-तीनशे, त्याखाली एसी डिसइन्फेक्शन हजार-बाराशे, लेबरवर वेगळा जीएसटी. मूळ फिल्टर असतो चारशे-पाचशेचा आणि बेरीज दोन हजारांच्या आसपास जाते. आमच्या काउंटरवर हल्ली लहान हॅचबॅकचा साधा फिल्टर अडीचशे ते चारशेला जातो. कंपनीच्या पाकिटातला चारशे ते सातशे, कार्बनचा सहाशेपासून हजाराच्या वर. मोठ्या युरोपीय गाड्यांचं गणित वेगळं, तिथे दीड-दोन हजार सहज होतात. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सगळ्याच पार्ट्सवर जीएसटी 18 टक्के झाला. त्याआधी बऱ्याच पार्ट्सवर 28 होता. पाकिटावरच्या एमआरपीत हा कर धरलेलाच असतो. तेव्हा बिलात मूळ किंमत आणि कर वेगवेगळे दाखवले असले, तरी दोन्हींची बेरीज एमआरपीच्या वर जाता कामा नये. जुना पार्ट आणि नव्याचं रिकामं पाकीट परत मागणारी माणसं फार थोडी, पण त्यांच्या बिलाला आपोआप शिस्त येते, हे स्टोअरच्या खिडकीतूनही कळायचं.

आता उलट टोकाची माणसं. “काही नको तो फिल्टर, माझ्या फियाटमध्ये कुठे होता?” असं म्हणणारे एक काका अधूनमधून येतात. फियाटमध्ये नव्हता हे खरंच. प्रीमियर पद्मिनीत आणि अँबॅसिडरमध्ये काच खाली केली की झाली हवा. पण त्यांतल्या बहुतेक गाड्यांत कूलिंग कॉइलही नव्हती. आजच्या गाडीत बाहेरची हवा शिरते ती पुढच्या काचेखालच्या, वायपरजवळच्या जाळीतून. ब्लोअर ती ओढतो, ती फिल्टरमधून जाते आणि मग कॉइलवरून थंड होऊन तुमच्या तोंडावर येते. कॉइल चालू एसीत कायम ओली असते, कारण हवेतला दमटपणा तिच्यावर पाणी होऊन साचतो. फिल्टर नसला, किंवा फाटका असला, की धूळ त्या ओल्या पात्यांवर बसते आणि तिचा चिखल होतो. त्यावर बुरशी येते, गाडीत आंबट वास सुटतो, पाणी जाण्याची नळी तुंबून कधी पायाखालचा गालिचाही भिजतो. ती कॉइल नीट धुवायची तर कितीतरी गाड्यांत आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्याची मजुरीच काही हजारांत जाते आणि नंतर डॅशबोर्ड कुरकुरायला लागतो ते वेगळंच. तीनशे रुपये वाचवणाऱ्या माणसाचे पैसे असे तिकडे निघतात.

“मी बाहेरची हवा घेतच नाही, आतलीच फिरवतो, मग फिल्टर घाण होईलच कसा?” हा प्रश्न दर आठवड्याला येतो. बहुतेक गाड्यांत आतली फिरवलेली हवासुद्धा फिल्टरमधूनच जाते. बुटांना लागून आलेली माती, सीटच्या कापडाचे तंतू, कुत्र्याचे केस, सगळं तिथेच अडकतं. कुत्रा पाळणाऱ्याचा फिल्टर गुंडाळीतून काढला की मला न सांगता कळतो.

पण सगळ्यात जास्त पैसे जातात ते फिल्टर बदलण्यातही नाही आणि न बदलण्यातही नाही. ते जातात गॅसमध्ये. एप्रिल-मे महिन्यात हे हमखास घडतं. एक निवृत्त मुख्याध्यापक आय-टेन घेऊन आले होते. एसी थंड करत नाही म्हणून त्यांनी रस्त्यावरच्या एका एसीवाल्याकडे गॅस भरून घेतला होता, दोन हजार रुपये देऊन. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. आता दुसरा एसीवाला कॉम्प्रेसर गेला म्हणत होता. ते आमच्याकडे कॉम्प्रेसरचा भाव विचारायला आले.

मी विचारलं, “सर, हवा थंड येत नाही की कमी येते?”

ते थांबले. म्हणाले, “म्हणजे काय?”

प्रश्न साधा आहे, पण तो कुणी विचारत नाही. ब्लोअर चारवर टाकायचा, हात जाळीजवळ धरायचा. हवेचा झोत जोराचा आहे आणि कोमट आहे, तर गॅस, कॉम्प्रेसर, पंखा या बाजूला पाहायचं. झोत अगदी बारीक आहे, पण जेवढा येतो तेवढा गार आहे, तर गॅस ठीक आहे. हवेची वाट अडली आहे. आधी फिल्टर काढून पाहायचा. मुख्याध्यापकांची गाडी पेठेबाहेर लावली होती, तिथवर चालत गेलो. फिल्टर बाहेर काढला तेव्हा त्याच्या घड्या दिसतच नव्हत्या; करड्या नमद्याचा तुकडा हातात आल्यासारखं झालं. फिल्टरशिवायच ब्लोअर लावून दाखवला. पुढच्या जाळीवर अडकवलेली देवाची छोटी तसबीर हलायला लागली. सर काही बोलले नाहीत, फक्त पाकीट काढलं. तीनशे वीस रुपये.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो. कमी झाला तर तो कुठून तरी गळाला. गळती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागणारच. आणि फिल्टर चोंदून हवाच कमी झाली, तर कॉइलवर कधीकधी बर्फ धरतो आणि तासाभराच्या प्रवासानंतर हवा जवळपास बंद पडते. थोडा वेळ एसी बंद ठेवला की बर्फ वितळतो, हवा परत येते आणि मालकाला वाटतं, गाडी दमली होती.

फिल्टर काढायचा कसा, हे मी काउंटरवरच हाताने दाखवतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो, ज्याला सगळे ग्लोव्ह बॉक्स म्हणतात. कप्पा आधी रिकामा करायचा. हे सांगावं लागतं, कारण विम्याचे जुने कागद, टोलच्या पावत्या, चार्जर, चष्मा हे सगळं नंतर पायाशी पडतं. कप्प्याच्या एका बाजूला एक बारीक दांडी किंवा दोरी असते, ती झाकण धाडकन खाली पडू नये म्हणून. ती अलगद सोडवायची. मग कप्प्याच्या दोन्ही भिंती आत दाबल्या की तो पूर्ण खाली लोंबतो. काही गाड्यांत भिंती दाबायच्या नसतात, आतल्या अंगाला दोन गोल खुंट्या असतात, त्या पाव फेरा फिरवून काढायच्या. मागे एक आडवं चपटं झाकण दिसतं, दोन बाजूंना खटके. खटके दाबून झाकण काढलं की फिल्टर पुढे ओढता येतो. पाना लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. काही युरोपीय गाड्यांत मात्र तो कप्प्याच्या मागे नाही, खाली पायाच्या जागेत वर तोंड करून शोधावा लागतो, आणि तिथे पाठ मोडते. तिथे दीडशे रुपये मजुरी दिली तर मला ती जास्त वाटत नाही. ज्यांची कंबर धरते त्यांनीही द्यावी. मजुरी देणं म्हणजे फसणं नव्हे, ती कशाची देतोय हे माहीत असलं की झालं.

फिल्टर ओढताना तिरपा करायचा नाही, आडवा सरळ ठेवायचा, नाहीतर वरची पानं आणि खडे ब्लोअरमध्ये पडतात आणि मग ब्लोअर खडखडतो. जुन्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो. तो वर होता की खाली, हे फोनवर फोटो काढून ठेवायचं. नव्यावरचा बाण त्याच बाजूला. उलटा बसवला तर लगेच काही बिघडत नाही, पण घड्यांना ज्या बाजूने आधार दिलेला असतो तो उलटा पडतो आणि त्या दबायला लागतात. नवा आत सरकवण्याआधी त्या खाचेत ओलसर फडकं फिरवायचं. एवढं सगळं करायला सावकाश हात असला तरी पंधरा मिनिटं पुष्कळ होतात.

नंबरांची एक गंमत आहे, ती पार्ट्सवाल्यालाच माहीत असते. कंपनीच्या पार्ट नंबरचे पहिले पाच आकडे बऱ्याचदा पार्टाची जात सांगतात. ह्युंदाईचा नंबर 97133 ने सुरू झाला की तो एसी फिल्टर, टोयोटाचा 87139 ने. पुढचे आकडे कोणत्या गाडीचा ते सांगतात. त्यामुळे जुन्या फिल्टरच्या कडेवर छापलेला नंबर वाचता आला, तर दुकानदाराला गाडी बघायचीही गरज नाही. आणि एकाच घरच्या दोन गाड्यांना नाव वेगळं, पाकीट वेगळं, माल तोच, असंही असतं. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ग्लान्झाचे मालक टोयोटाचंच पाकीट मागतात. मी दोन्ही पाकिटं उघडून शेजारी ठेवतो. काही जण स्वस्त ते उचलतात, काहींना तरीही आपल्या गाडीचं नाव असलेलंच पाकीट हवं असतं. हा ज्याच्या त्याच्या समाधानाचा प्रश्न आहे, मी वाद घालत नाही.

दुसरा गोंधळ एअर फिल्टरचा. “एअर फिल्टर द्या” म्हटलं की दुकानदार इंजिनाचा देतो. तो बॉनेटखाली असतो, त्याचं काम वेगळं, आकार वेगळा. घरी जाऊन तो कप्प्यामागे कोंबायचा प्रयत्न केलेली माणसं परत आली आहेत. एसी फिल्टर किंवा केबिन फिल्टर म्हणा. पोलन फिल्टर म्हटलं तरी कळतं.

कार्बनचा घ्यावा का, हे विचारणाऱ्याला मी आधी त्याचा रस्ता विचारतो. साधा पांढरा फिल्टर धूळ, परागकण, माती अडवतो. कार्बनच्या करड्या फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाचा थर असतो. असा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासून करतात. तो काही वास आणि वायू धरून ठेवतो. रोज चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रकच्या मागे चालणाऱ्याला, कचरा डेपोजवळून जाणाऱ्याला, धुराने डोकं दुखणाऱ्याला त्याचा फरक कळतो. सोसायटी ते मंडई एवढीच गाडी फिरणाऱ्याने दुप्पट पैसे द्यायचं कारण मला दिसत नाही. आणि कोळशाचं असं, की तो दिसायला स्वच्छ असला तरी भरून जातो. मग त्याचं वास धरणं संपतं आणि उरतो तो साधा फिल्टर. म्हणून महागडा कार्बनचा घालून दोन वर्षं तोच चालवण्यापेक्षा साधा दरवर्षी बदललेला बरा. कार्बनचा घेतला तर प्लॅस्टिकमध्ये सीलबंद असलेलाच घ्यावा. दुकानात उघडा पडलेला कोळसा दुकानाचाच वास पिऊन बसतो, आणि आमच्या दुकानाला ग्रीसचा आणि रबराचा वास आहे. एक गोष्ट मात्र कार्बन अडवत नाही: कार्बन मोनॉक्साइड. बंद जागेत इंजिन चालू ठेवून एसीत झोपणाऱ्याला कुठलाही फिल्टर वाचवत नाही.

हल्ली पाकिटांवर ‘पीएम 2.5’ आणि ‘हेपा’ मोठ्या अक्षरांत असतं. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. असे कण बऱ्यापैकी अडवणारे चांगले केबिन फिल्टर मिळतात, त्यात खोटं नाही. पण हेपा हा शब्द ज्या मापाने वापरतात, त्या मापाचं दाट कापड गाडीच्या छोट्या ब्लोअरपुढे ठेवलं तर हवा फारशी येणारच नाही. म्हणून तो शब्द पाहून चारशे रुपये जास्त द्यायला मी कुणाला सांगत नाही. त्यापेक्षा घड्या मोजा म्हणतो.

घड्या मोजणं ही डुप्लिकेट ओळखायची माझी रीत. एकाच मापाच्या दोन फिल्टरांत एकात घड्या दाट आणि खोल असतात, दुसऱ्यात विरळ. विरळवाल्यात कापड कमी, म्हणजे तो लवकर चोंदणार; आणि ब्लोअरच्या ओढीने त्या घड्या एकमेकींना चिकटतात. चौकटीचा गत्ता बोटाने दाबून पाहावा, लिबलिबीत असला तर खाचेत फट राहते आणि हवा कडेने शिरते. कधी शिट्टीसारखा आवाजही येतो. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, तयार केल्याचा महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे असायलाच हवं. कंपनीचं बोधचिन्ह आहे, पण यातलं काहीच नाही, तर ते चिन्ह कुणाच्या छापखान्यातलं आहे हे सांगायला नको. कंपनीच्या पाकिटाबाहेर बॉश, मान, माहले, युनो मिंडा, झिप, एलोफिक अशा नावांचा माल बाजारात असतो. यातले काही जण गाड्या बनवणाऱ्यांनाही पार्ट पुरवतात. ‘लोकल’ म्हणून नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही. नाक मुरडावं ते नाव नसलेल्या पाकिटाला.

“बाहेरचा बसवला तर वॉरंटी जाईल म्हणाले.” हे वाक्य मी स्टोअरमध्येही ऐकलं आणि काउंटरवर तर रोज. केबिन फिल्टर ही झिजणारी, बदलायची वस्तू. तिला वॉरंटी मुळात फारशी नसतेच. बाकी गाडीच्या वॉरंटीबद्दल सांगायचं तर, 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने पार्ट्स खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड केला होता. कंपन्या अपिलात गेल्या, तो वेगळा इतिहास. पण त्याच आदेशात आयोगाने म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कप्प्यामागे फिल्टर सरकवल्याने इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची वॉरंटी कशी जाईल, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

धुवून वापरणारे वेगळे. पाण्याने धुतलेला, गच्चीवर वाळवलेला फिल्टर घेऊन “बघा, नव्यासारखा झाला” म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. आपल्या आईबापांनी वस्तू अशाच वापरल्या. पण या कापडाच्या धाग्यांवर बनवतानाच विजेचा भार दिलेला असतो, बारीक धूळ त्याच्या ओढीने चिकटते. पाण्याने आणि साबणाने ती ओढ जाते, आणि ओलसर राहिलेल्या घड्यांत बुरशी धरते. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून देतात, तेही तसंच: वरची माती उडते, जोरामुळे धागे फाकतात. मी म्हणतो, मधल्या काळात काढून जमिनीवर हलकेच आपटा, सुटी धूळ आणि पानं झटका, पुन्हा लावा. तेवढं पुरतं. तेही वर्षातून एखाद-दोनदा.

किती किलोमीटरला बदलावा याचा आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकात असतो, साधारण दहा ते वीस हजारांच्या मध्ये कुठेतरी, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘धुळीच्या भागात लवकर’. त्या बारीक अक्षरांतच आपण राहतो. वाघोलीच्या खडी क्रशरजवळून रोज जाणाऱ्या एका ठेकेदाराच्या गाडीचा फिल्टर पाच-सहा हजारांत मातीचा होतो. प्रभात रोडवरच्या एका काकूंची गाडी वर्षाला चार हजारही चालत नाही. त्यांच्या फिल्टरवर धूळ थोडी आणि झाडाचा पाला फार. त्यांना मी फिल्टरच्या आधी काचेखालची जाळी साफ करायला सांगितलं. पाला तिथे कुजतो आणि वास आत येतो, फिल्टर कितीही नवा असो.

यात सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक म्हणजे टॅक्सीवाले. त्यांना कुणी आरोग्यावर भाषण देत नाही. पॅसेंजरने वासाबद्दल तक्रार केली की रेटिंग पडतं, एवढंच त्यांना माहीत असतं. एक डिझायरवाला भाऊ अडीचशेचेच, पण चांगल्या नावाचे दोन-तीन फिल्टर एकदम घेऊन जातो. “एक आत, एक डिकीत,” म्हणतो. एअरपोर्टच्या रांगेत उभा असताना बदलतो. त्याचा वर्षाचा खर्च एका डिसइन्फेक्शनच्या बिलाहूनही कमी होतो. डिसइन्फेक्शनचा फवारा बुरशीच्या वासाला काही काळ उपाय आहे, हे मी नाकारत नाही. पण चोंदलेला फिल्टर तसाच ठेवून मारलेला फवारा म्हणजे गोठा न झाडता उदबत्ती लावणं.

उंदरांचं मात्र कुणाकडेच नीट उत्तर नाही. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की उंदीर काचेखालच्या जाळीतून किंवा बॉनेटमधून शिरतात आणि फिल्टरच्या घड्या कुरतडून मऊ घर करतात. पेरूच्या बिया, शेंगांची टरफलं, लेंड्या, एकदा तर देवघरातली कापसाची वात, असं सगळं मी जुन्या फिल्टरांतून निघालेलं पाहिलं आहे. लोक डांबरगोळ्या टाकतात, मग तो वास एसीतून आठवडाभर सोबत करतो. तंबाखूची पानं बांधणारेही आहेत. त्याने उंदीर जातात की नाही, यावर पेठेत दोन पक्ष आहेत. माझा अनुभव एवढाच, की गाडी दोन-तीन दिवसांनी हलवणाऱ्याकडे हा त्रास कमी असतो. आणि उंदराने कुरतडलेला फिल्टर काढताना तोंडाला मास्क आणि हातात हातमोजे घालावेत, नंतर ती खाच जंतुनाशकाने पुसावी. या एका बाबतीत दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

वर्षातून एकदाच बदलायचा तर कधी, असं विचारलं की मी दसरा सांगतो. पावसाळाभर दमट राहिलेल्या घड्यांत बुरशी तेव्हा तयार झालेली असते, पुढे हिवाळ्याची खाली बसणारी धुरकट हवा आणि मग उन्हाळ्याची धूळ यायची असते; आणि गाडी धुऊन, पुसून पूजेला उभी करायचीच असते, तेव्हा कप्पाही रिकामा होतो. नवरात्र बसलं की आमच्या दुकानाचे शेठ आय-टेन, स्विफ्ट, वॅगनआर यांचे फिल्टर खोक्यांनी मागवून ठेवतात, त्यामुळे त्या आठवड्यात माल नाही असं सहसा होत नाही. गाडी मात्र आणू नका, पेठेत लावायला जागा नाही. आरसीचा फोटो पुरतो.